पसंतीक्रमातलं पहिलं नाव

दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात एक वाक्य हमखास कानावर येतं: "सोलापूरच्या पालकांना मोठं स्वप्नच बघता येत नाही." बोलणारे पाहुणे बहुधा मूळचे इथलेच, आता पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले. शाल-श्रीफळ घेऊन ते संध्याकाळच्या गाडीने परत जातात आणि आपलंच काहीतरी चुकतंय अशा चेहऱ्याने पालक घरी जातात. हे निदान मला साफ चुकीचं वाटतं. आयआयटी, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय किंवा आयसीटी अशा नामांकित संस्थांच्या मागे कोणतं घर लागतं आणि कोणतं लागत नाही, याचा स्वप्नांशी फार थोडा संबंध आहे. प्रत्येक घर आपापला हिशेब मांडतं. मुलाच्या हाती ठेवायला आपल्याकडे काय आहे, डाव फसला तर किती सोसेल, आणि वाट विचारायला ओळखीचं कोण आहे, एवढं कळलं की त्या घराचा निर्णय बहुतेक वेळा आधीच सांगता येतो.

आधी धावणारी घरं बघू. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडचा पट्टा. बँक, एलआयसी, रेल्वे, जिल्हा परिषद, शाळा-कॉलेजं, छोटे दवाखाने यांवर चालणारी घरं. इथे आठवीपासून 'फाउंडेशन' सुरू होतं. अकरावीचा प्रवेश एका कॉलेजात आणि शिकणं दुसऱ्याच क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड बघायचं ते प्रॅक्टिकलपुरतं. डॉक्टर करायचं असेल तर लातूर, हात आणखी सैल असेल तर कोटा किंवा हैदराबाद. या घरांना महत्त्वाकांक्षी म्हणायची पद्धत आहे. मी त्यांना घाबरलेली घरं म्हणेन. बापाची बँकेतली खुर्ची मुलाला मिळत नसते. मागे राहणार एक फ्लॅट आणि पीएफची रक्कम, त्यातलीही निम्मी आजारपणात जाणार. ज्या पदवीने बापाला या पायरीवर आणलं, तीच जरा वरच्या दर्जाची मुलाला मिळाली तर घर त्या पायरीवर टिकणार, नाहीतर एका पिढीत खाली. त्यामुळे ही मंडळी जीव तोडून धावतात. त्यांना धावण्यावाचून गत्यंतर नाही.

सोलापुरात नेहमीच असं नव्हतं. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली आणि पुढे कितीतरी दशकं गिरणीतली नोकरी वतनासारखी चालली. जॉबरकडे, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाकडे, शब्द टाकायचा, पोरगं बदली कामगार म्हणून लागायचं, यथावकाश कायम व्हायचं. कॉलेज कोणतं, हा प्रश्नच येत नव्हता. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही गेली, आणि नोकरी मुलाकडे जात नाही हे शहराला कळलं. त्यातून जी कुटुंबं शिक्षणाकडे वळली त्यांची नातवंडं आज जेईईच्या क्लासला आहेत. जी यंत्रमागाकडे वळली त्यांची नाहीत. एकाच गिरणीतले दोन कामगार, पण घरं दोन दिशांना गेली. यात कुणाच्या स्वप्नाची उंची मोजायची?

पैसा नाही म्हणून लोक मोठ्या कॉलेजाकडे जात नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी चाटी गल्लीत किंवा मार्केट यार्डात एक चक्कर मारावी. चादर-टॉवेलचे कारखानदार, गणवेश शिवणारे, कांद्याचे अडते, सराफ. यांच्यातल्या कित्येकांना पुण्यातलं वसतिगृह सोडाच, पुण्यात फ्लॅट घेणं परवडतं. तरी मुलगा गावातच बी.कॉम. करतो आणि दुपारनंतर गादीवर बसतो. गिऱ्हाईक कसं ओळखायचं, उधारी कुठे थांबवायची, सुताचा भाव चढणार की उतरणार, हे कोणत्याही आयआयएममध्ये शिकवत नाहीत, आणि चार वर्षं बाहेर राहिलेला मुलगा परत येईल याची खात्रीही नाही. परत न येणारा हुशार मुलगा व्यापारी घराला नुकसानीतच टाकतो. याच घरांतून सीएच्या परीक्षेला मात्र मुलं हिरिरीने बसतात. तिथे कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही, गाव सोडावं लागत नाही, आणि पास झाला तर घरचाच हिशेब बघणार. हा हिशेबही बिनचूक आहे.

आता पूर्व भाग. अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंतची वस्ती, घरात बोली बहुतांशी तेलुगू, व्यवहार मराठीत. पुरुष यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत, बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. त्यातही तपासणीत छाट निघाली की तेवढी मेहनत फुकट. अशा घरातल्या मुलाला बारावीत उत्तम गुण मिळाले तर आई-बाप हरखतात, पेढे वाटतात, आणि मग विचारतात, "इथंच चांगलं कॉलेज आहे की वो, बाहेर कशाला?" या प्रश्नाला कमी लेखणारा माणूस त्या घरात कधी बसलेला नसतो. नोकरदार घरात मुलाने एक वर्ष 'ड्रॉप' घेतला तर वर्ष वाया जातं. मागवाल्याच्या घरात तेच वर्ष म्हणजे एका कमावत्या माणसाची मजुरी, बचत गटाचा हप्ता आणि बहिणीचं लग्न पुढे ढकलणं. नोकरदाराचा मुलगा पहिल्या सत्रात दोन विषयांत नापास झाला तर त्याला समजावणारा मामा कुठेतरी इंजिनिअर असतो. इथे समजावणारं कोणी नाही. यश दोघांना सारखंच मोठं वाटतं, पण अपयशाची किंमत दोघांची निराळी आहे, आणि शहाणा माणूस ती आधी बघतो.

इथवर मी सगळ्यांचंच बरोबर म्हणत आलो. पण कामगार घरांच्या हिशेबात एक आकडा चुकलेला असतो, आणि ती चूक त्यांची नाही.

ती कुठे होते हे बघायचं असेल तर प्रवेशाच्या दिवसांत नेट कॅफेत उभं राहावं. अभियांत्रिकीच्या कॅप फेरीचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशाचा, विकल्प अर्ज भरायचा असतो. मुलगा खुर्चीच्या दांड्याला टेकलेला, आई पिशवीतून कागद काढतेय, मागे आठ-दहा जण खोळंबलेले. कॅफेवाला मान न वळवता विचारतो, "गावातलंच टाकू ना वर?" आई हो म्हणते. पसंतीक्रमात एक नंबरवर गावातलं कॉलेज पडतं, दोनवर शेजारच्या तालुक्यातलं. प्रवेशाचा नियम असा, की पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होतं. ज्या पर्सेंटाइलवर पुण्याचं किंवा सांगलीचं नावाजलेलं सरकारी वा अनुदानित कॉलेज मिळालं असतं, त्यावर मुलगा पहिल्याच दिवशी गावात पक्का होतो. वरची चार नावं मोठ्या कॉलेजांची लिहून गावातलं पाचवं ठेवलं असतं तर काहीच बिघडणार नव्हतं. वरचं मिळालं नाही तर त्याच गुणांवर खालचं मिळायचं ते मिळतंच. वरची नावं लिहायला एक पैसा पडत नाही. शिक्षकाच्या घरात ही गोष्ट पोराटोरांना पाठ असते. विडी घरकुलात ती सांगायला कोणी आलेलं नसतं, आणि कॅफेवाल्याला मागची रांग दिसत असते.

कागदांचंही तसंच. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. राज्याच्या प्रवेशाला जात पडताळणी वेगळी, नॉन-क्रीमीलेअर वेगळं. निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्याला सेतू केंद्राच्या एका हेलपाट्याची किंमत एक दिवसाची मजुरी पडते. हे कागद निकालाआधीच जमवायचे असतात हे कळणं, हीच खरी शिकवणी. ती कुठल्याही क्लासच्या फीमध्ये धरलेली नसते, पण क्लासला जाणाऱ्याला ती फुकट मिळते.

आणि आता तो चुकलेला आकडा. आयआयटीचं शिक्षण शुल्क वर्षाला २ लाख रुपये, हे २०१६ पासून सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याच वेळी लागू झालेली सवलत कोणाच्या तोंडी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना हे शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर कोणत्याही जातीच्या मुलाला पूर्ण माफ, १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. म्हणजे मागवाल्याच्या मुलाला वर्षाला साधारण ६७ हजार, किंवा शून्य. वसतिगृह आणि मेस वेगळी, ते खरंच. पण पुण्यातल्या एखाद्या खासगी कॉलेजची फी आणि खोलीभाडं शेजारी मांडून बघा. देशातलं सगळ्यात नावाजलेलं कॉलेज गरीब घराला मधल्या दर्जाच्या कॉलेजपेक्षा स्वस्त पडू शकतं, आणि नेमकं तेच घर 'ते आपल्याला परवडायचं नाही' म्हणून नाव लिहीत नाही.

हे फक्त इथलं दुखणं नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने काही वर्षांपूर्वी एक साधा प्रयोग केला. राज्यातल्या हुशार, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना पत्र पाठवलं: तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, वेगळे कागद नकोत. गंमत अशी, की यातल्या बहुतेकांना ती सवलत एरवीही मिळालीच असती. पत्राने नवा पैसा जवळजवळ दिला नाही, खात्री दिली. पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला होता, पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी केला. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. घरांचं स्वप्न एका पत्राने बदललं असं कोणी म्हणणार नाही. बदलली ती जोखीम.

मग प्रश्न येतो, एवढा आटापिटा करण्याजोगं मोठ्या कॉलेजात असतं तरी काय? धावणाऱ्या आणि न धावणाऱ्या, दोघांनाही याचं उत्तर थोडं अडचणीचं आहे. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ साली दाखवलं, की मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळूनही साध्या कॉलेजात गेलेली मुलं पुढे जवळजवळ तेवढंच कमावतात. हुशारी मुलाची असते, इमारतीची नसते. याला अपवाद निघाले ते कमी उत्पन्नाच्या घरांतले, आणि पुढच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व कमी शिकलेल्या आई-बापांची मुलं. त्यांना मोठ्या कॉलेजचा फायदा खरोखर झाला. आपल्याकडचा पुरावाही विचार करायला लावणारा आहे. शीतल सेखरी यांनी भारतातल्या नामांकित सरकारी कॉलेजांचा अभ्यास केला. प्रवेशाच्या कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्या मुलांची तुलना केली, तर शेवटच्या परीक्षेतल्या गुणांत फरक नाही, पण पगारात आहे. म्हणजे शिकवणं तेवढंच, नावाला भाव.

हे दोन्ही एकत्र वाचलं की निघणारा अर्थ सोलापूरला चांगलाच झोंबणारा आहे. मोठं कॉलेज देतं ते नाव आणि ओळखी. कंपन्या कॅम्पसवर येतात, वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला नोकरी सांगतो, एखादा प्राध्यापक परदेशातल्या मित्राला पत्र लिहितो. ज्या घराचा मामा इंजिनिअर आणि आत्या अमेरिकेत, त्याला यातलं बरंचसं घरातच मिळतं. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढतंय, त्याला ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. त्यामुळे जी घरं सगळ्यात जास्त धावतात त्यांना या कॉलेजांची गरज त्या मानाने कमी, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज ती रांगेतच नाहीत. जुळे सोलापूरच्या आई-बापांनी हे वाचून मुलाचा क्लास बंद करावा असं माझं म्हणणं नाही. ते तसं करणारही नाहीत. पण नववीतल्या मुलाची झोप रात्री बारावर नेण्याआधी क्षणभर थांबायला हरकत नसावी.

एक आक्षेप येतो, की आपली प्रवेश परीक्षा तर कोणाचा बाप कोण हे विचारत नाही. खरं आहे. अमेरिकेतली बडी खासगी विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत आली, आणि २०२३ साली राज चेट्टी व सहकाऱ्यांनी दाखवलं, की परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं अशा विद्यापीठांत मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात दाखल होतात. आपल्याकडे तशी सोय नाही. पण म्हणूनच आपण बेसावध राहतो. गाळणी परीक्षेत नसली की ती कुठेच नाही असं धरून चालतो. आपली गाळणी आठवीत, पसंतीक्रमाच्या अर्जात आणि दाखल्याच्या तारखेत बसलेली आहे.

आता सगळ्यात विचित्र भाग. 'पोराला बाहेर पाठवणं परवडत नाही' असं अठराव्या वर्षी म्हणणारं बार्शी, सांगोला, मंगळवेढ्याकडचं शेतकरी घर बाविसाव्या वर्षी त्याच पोराला पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससीला पाठवतं. कॉटबेसिसची खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज. चार-पाच वर्षं. एकूण खर्च काढला तर एखाद्या चांगल्या सरकारी कॉलेजची पदवी त्यात झाली असती. हे घर धावत नाही असं कोण म्हणेल? ते धावतं, वेगळ्या दिशेला. कारण सरळ आहे. गावातला पोरगा फौजदार झाला की वेशीपासून मिरवणूक निघते, गुलाल उधळतो, चौकात फ्लेक्स लागतो. बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप आईबरोबर बांगड्या विकत शिकले आणि २०१२ साली आयएएस झाले, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुंबईच्या आयसीटीतून बाहेर पडून एखाद्या औषध कंपनीत मोठ्या पदावर गेलेल्या मुलाचा फ्लेक्स कोणी लावत नाही. तो गावात दिसतच नाही. दिसतो तो यात्रेला, दोन दिवस. माणूस जे यश डोळ्यांनी बघतो त्याच्यावर पैसा लावतो. शिवाय स्पर्धा परीक्षेला कोणतीही पदवी चालते, एकदम मोठी रक्कम लागत नाही, दरमहा थोडी थोडी पाठवता येते. हप्त्याने गेलेला पैसा टोचत नाही. तिशीला टेकलेला मुलगा हात हलवत परत आला की मग टोचतो.

मुलींचा हिशेब आणखी निराळा, आणि तिथे पैशाने अर्धंच काम होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. चांगला निर्णय, यात वाद नाही. पण मुलीला पुण्याला न पाठवण्याचं कारण फी कधीच नव्हती. वसतिगृहात जागा मिळेल का, संध्याकाळी कोण बघेल, आणि 'बाहेर शिकलेली' म्हणून स्थळं कमी होतील का, ही कारणं होती आणि आहेत. शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून यथावकाश येतात, वसतिगृहाची अनामत मात्र पहिल्या दिवशी रोख. सरकारने फी माफ केली त्याच वर्षी पुण्यात सोलापूरच्या मुलींसाठी दोन चांगली वसतिगृहं उभी केली असती, तर माझ्या मते जास्त मुली गाडीत बसल्या असत्या.

गावात राहून शिकणं कमीपणाचं आहे, असा याचा अर्थ कृपा करून काढू नये. सोलापूरचं विद्यापीठ २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी निघालं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. त्याच विद्यापीठाच्या कॉलेजांतून घरातली पहिली पदवीधर झालेल्या मुली आज इथल्याच शाळांत शिकवतायत. वैद्यकीय महाविद्यालय तर १९६३ पासून आहे. ज्याने सगळं माहीत असून गावातलं कॉलेज वर लिहिलं, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते माहिती न देता घेतलेल्या होकाराशी.

यावर उपाय म्हणून 'समुपदेशन केंद्र' नावाचा फलक लावू नका. तसे फलक आधीच पुष्कळ आहेत, त्यांखाली धूळ खाणारी टेबलं असतात. पूर्व भागातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाकडे आपल्या मुलांचे दहावीचे गुण आहेत, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांमुळे बहुतेकांच्या घरचं उत्पन्नही आहे. विज्ञान शाखेच्या वरच्या वीस-पंचवीस मुलांची यादी काढायला एका लेखनिकाची एक दुपार लागते. त्यांच्या घरी डिसेंबरात मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पानी पत्र जावं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. या उत्पन्नावर कोणत्या कॉलेजात तुमच्या मुलाची वर्षाची फी किती, मेस किती, कोणता दाखला कोणत्या तारखेनंतर काढायचा, आणि विकल्प अर्जात गावातलं नाव खाली ठेवलं तर ते जात नाही. पत्राच्या शेवटी एका शिक्षकाचा मोबाइल नंबर, जो जून-जुलैत उचलला जाईल. तेवढ्या दोन महिन्यांसाठी त्या शिक्षकाला बाकीच्या अशैक्षणिक कामांतून मोकळं ठेवणं शिक्षण खात्याच्या हातात आहे.